पाटी, पडदा आणि शिक्षक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



 मी विद्वान नव्हे, वक्ती तर नव्हेच. छत्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले, त्यांपैकी पहिली वीस वर्षे याच शहरातील एका साध्या शाळेत आणि शेवटची सोळा वर्षे एका आंतरराष्ट्रीय शाळेत. २०२२ साली निवृत्त झाले. आपल्या मंडळातील बऱ्याच कुटुंबांची मुले आज अशा शाळांतून शिकत असल्यामुळे, तेथे संगणक, टॅब्लेट आणि तत्सम डिजिटल साधनांचा अभ्यासाला नेमका काय उपयोग होतो, हे मी सांगावे अशी कार्यवाहांची सूचना होती. मी ती स्वीकारली, कारण या विषयावर मला दोन कबुल्या द्यावयाच्या आहेत. त्या योग्य ठिकाणी देईन.

आपले मंडळ स्थापन झाले ते १९७५ साल. योगायोग असा, की पडद्यावरून मुलांना शिकविण्याचा आपल्या देशातील एक फार मोठा प्रयोग त्याच वर्षी सुरू झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षपर्यंत अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. उत्तर कर्नाटकातील खेडीही त्यांत होती. विक्रम साराभाईंनी या कल्पनेचा पाठपुरावा केला होता; ती साकार झालेली पाहण्यास मात्र ते राहिले नाहीत. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, असे कार्यक्रम असत. ज्या खेड्यात वीज नव्हती तेथे बॅटरीवर संच चालवीत.

त्या पडद्याची एक मर्यादा होती. तो बोलत असे, परंतु ऐकत नसे. समोर बसलेल्या मुलाला समजले की नाही, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. आजच्या साधनांचा खरा वेगळेपणा येथे आहे. आजचा पडदा मुलाचे उत्तर नोंदवितो, ते देण्यास किती वेळ लागला ते नोंदवितो, किती वेळा चुकले तेही नोंदवितो. म्हणजे पन्नास वर्षांत पडदा ऐकावयास शिकला. पण त्याने ऐकलेले कोणी वाचते का, हा आजच्या माझ्या बोलण्याचा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द रंगविला की शाळा आंतरराष्ट्रीय होते असा समज आपल्याकडे पसरला आहे. अशा नावाच्या कित्येक शाळांत केंद्रीय मंडळाचा नेहमीचाच अभ्यासक्रम असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त पालकांनी नावावर न जाता अभ्यासक्रम कोणता ते विचारावे. मूळ कल्पना अशी, की नोकरीनिमित्त देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये. जिनिव्हा येथे राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९२४ साली अशी शाळा निघाली. त्याच शहरात १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आय.बी., ही संस्था स्थापन झाली. आपल्या शेजारच्या तामिळनाडूत, कोडाईकनालच्या शाळेने १९७६ साली भारतात प्रथम हा अभ्यासक्रम स्वीकारला. महाराष्ट्रात मुळशीच्या डोंगरात १९९७ साली सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज पुष्कळांना ठाऊक असेल. याखेरीज केंब्रिजचा आय.जी.सी.एस.ई. अभ्यासक्रम १९८८ पासून प्रचारात आहे.

या शाळांत साधनांची रेलचेल असते. पण रेलचेल म्हणजे उपयोग नव्हे. मी माझ्या अनुभवातील चार-पाच उपयोग सांगते. जेथे खरोखर फायदा दिसला, तेवढेच.

पहिला उपयोग, वर्गाची नाडी पाहणे. समजा, मी फळ्यावर लिहिले : ३/८ आणि १/४ यांची बेरीज करा. पूर्वी एक-दोन हुशार हात वर होत आणि ५/८ हे उत्तर मिळाले की मी पुढे जात असे. आता चोवीस मुले आपापल्या टॅब्लेटवर उत्तर लिहितात आणि सगळी उत्तरे एका दृष्टिक्षेपात माझ्यासमोर येतात. त्यांत नऊ जणांनी ४/१२ लिहिले आहे असे दिसले, तर मला तत्काळ कळते, की या नऊ जणांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला. चूक कोठे आहे, किती जणांची आहे आणि कशी झाली, हे परीक्षेआधी समजते. म्हणजे ती सुधारण्यास वेळ असतो. ब्लॅक आणि विल्यम या दोन अभ्यासकांनी १९९८ साली, शिकविता शिकविता घेतलेल्या अशा चाचपणीचे महत्त्व साधार मांडले होते. तत्त्व जुनेच आहे. आपले गुरुजी पाट्या वर करावयास सांगत, ते याच कारणासाठी. साधनाने फक्त सर्व पाट्या एकदम वाचण्याची सोय केली.

दुसरा उपयोग, हाताने हलवून पाहणे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी या शतकाच्या प्रारंभी जिओजेब्रा नावाची गणिताची प्रणाली तयार केली. मूल पडद्यावरील त्रिकोणाचे टोक धरून ओढते, त्रिकोण लांबट होतो, बसका होतो, पण तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. सिद्धता शिकविण्यापूर्वी मुलाच्या मनात ‘असे का?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि प्रश्न उभा राहिल्यावर सिद्धता गोड लागते. भौतिकशास्त्रासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात विद्युतमंडल जोडणे, लंबक हलविणे असे प्रयोग पडद्यावर करता येतात. तार चुकीची जोडली तर पडद्यावर ज्वाळा दिसतात, बोट मात्र भाजत नाही. ही दोन्ही साधने शाळांना मोफत मिळतात आणि ‘फेट’मधील कित्येक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. म्हणजे लक्षावधी रुपये शुल्क घेणाऱ्या शाळेतील मूल जो प्रयोग करते, तोच प्रयोग सांगोला तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतील मूल आपल्या भाषेत करू शकते. एक संगणक आणि तो उघडून देणारे गुरुजी असले म्हणजे झाले.

तिसरा उपयोग, आठवण ताजी ठेवणे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पालकसभेत नेहमी सांगत असे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एकदा वाचून नंतर पान मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणाऱ्यांची सरशी झाली. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. आजच्या चांगल्या प्रणाली हेच काम करतात : मागच्या आठवड्यातला, मागच्या महिन्यातला प्रश्न अचानक समोर ठेवतात. पाढे रोज म्हणवून घेणारे आपले आजोबा हा प्रयोग न वाचताच करीत होते.

चौथा उपयोग, लेखनाचा प्रवास दिसणे. आय.बी.च्या पदविका अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला ४००० शब्दांपर्यंतचा एक स्वतंत्र निबंध लिहावा लागतो. तो संगणकावर लिहिला जात असल्यामुळे पहिला मसुदा, शिक्षकाचे शेरे, खोडलेले परिच्छेद, पुन्हा बांधलेली मांडणी असा सगळा प्रवास जपता येतो. पूर्वी माझ्या हाती फक्त पक्के लिहिलेले पान येई. आता कच्चे पान पाहावयास मिळते, आणि खरे शिकविणे कच्च्या पानावरच होते.

पाचवा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या मुलांना वाचन जड जाते, त्यांना मजकूर वाचून दाखविणारे साधन. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी बोलण्याबरोबर उमटणारी अक्षरे. कालच कोरियाहून आलेल्या आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलासाठी त्याच्या भाषेत प्रश्न. अशा एका मुलाला गणित येत नाही असे आम्ही आठवडाभर समजत होतो. प्रश्न त्याच्या भाषेत दिल्याबरोबर तो सर्वांच्या आधी मोकळा झाला. त्याला इंग्रजी येत नव्हते, एवढेच.

आता पहिली कबुली.

आमच्या शाळेत सरावासाठी एक प्रणाली घेतली होती. मुलाने घरी उदाहरणे सोडवावीत आणि शिक्षकाच्या पडद्यावर त्याच्या नावासमोर ठिपका यावा : कच्चे असेल तर तांबडा, मध्यम असेल तर पिवळा, पक्के असेल तर हिरवा. सहावीतील एका मुलीच्या नावासमोर अपूर्णांकांचे सर्व ठिपके हिरवे होते. पालकसभेत मी तिच्या आईला म्हटले, ‘हिची काळजीच नको.’ एके दिवशी शाळेतील इंटरनेट बंद पडले, म्हणून मी कोरे कागद वाटले आणि विचारले : अर्धी चपाती आणि पाव चपाती मिळून किती? त्या मुलीने लिहिले, २/६. मी तिला जवळ बोलावून म्हटले, ‘अगं, दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांश. ते अर्ध्याहून कमी. तुझ्याकडे अर्धी चपाती होती, तीत आणखी घातली, आणि ती कमी कशी झाली?’ ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, मला बेरीज येत नाही. मला हिरवं करता येतं.’

तिची युक्ती साधी होती. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असत आणि चुकल्यास पुन्हा प्रयत्न करता येई. ती एकेक पर्याय दाबून पाही. शेवटचे उत्तर बरोबर आले की ठिपका हिरवा. बंधुभगिनींनो, दोष प्रणालीचा होता असे म्हणून मला सुटता आले असते. परंतु त्याच प्रणालीच्या दुसऱ्या पानावर प्रत्येक प्रश्नाला तिने किती प्रयत्न केले आणि किती सेकंद घेतले, याची चोख नोंद होती. चार प्रयत्न, नऊ सेकंद. तीन प्रयत्न, सात सेकंद. त्या नोंदी पाच महिने तेथे पडून होत्या. मी ते पान एकदाही उघडले नव्हते. पडद्याने ऐकले होते, सांगितलेही होते. मी रंग पाहून पुढे गेले होते. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघींनी कागदाच्या चपात्या कापल्या. ती शिकली. पण पाच महिने ती मुलगी न समजता माझ्यासमोर बसली होती आणि मी तिच्या आईला काळजी नको म्हणून सांगत होते, हे मला आजही बोचते.

हा केवळ माझ्या एकटीचा प्रमाद नसावा. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दिसून आले, की ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केला होता, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित आणि विज्ञान यांत त्यामुळे म्हणण्यासारखी सुधारणा आढळली नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच तंत्रज्ञान हा होता, आणि ही साधने कोणाच्या अटींवर वापरावयाची, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारला होता. त्याच वर्षी स्वीडनच्या सरकारने शाळांत पुन्हा छापील पुस्तके पुरविण्यासाठी निधी दिला. साधनांचा धिक्कार करावा असा यातून निष्कर्ष मी काढीत नाही. साधन आणले म्हणजे शिक्षण आपोआप येते, ही समजूत खोटी ठरली, इतकेच.

२०२० साली याचा आणखी कठोर धडा मिळाला. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि शाळा पडद्यावर आल्या. आंतरराष्ट्रीय शाळांकडे साधने होती, घरोघरी संगणक होते, म्हणून त्यांचे वर्ग आठवड्याभरात सुरू झाले. ज्या घरात एकच फोन आणि तीन मुले होती, तेथे काय झाले हे आपण जाणताच; हा अन्याय विसरून साधनांचे कौतुक करणे बरे नव्हे. परंतु सुस्थितीतील मुलांनाही एक धक्का बसला. आय.बी.ने मे महिन्याच्या परीक्षा रद्द केल्या आणि विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम, शिक्षकांनी वर्तविलेले गुण व शाळेची पूर्वीची माहिती यांवरून गणिती पद्धतीने श्रेणी ठरविल्या. जुलैमध्ये निकाल लागताच अनेक देशांतील विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या, आणि ऑगस्टमध्ये संस्थेला त्यांत बदल करावे लागले. मुलाने काय केले हे यंत्राला दाखविता येते. मूल काय करू शकेल हे यंत्राने ठरवू लागणे ही निराळी गोष्ट आहे. ती सीमा ओलांडली की पालक, शिक्षक आणि मूल तिघेही हतबल होतात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि विद्यार्थ्यासाठी निबंध लिहून देणारे साधनच प्रत्येकाच्या हाती पडले. काही ठिकाणी त्यावर सरसकट बंदी आली. आय.बी.ने २०२३ च्या प्रारंभी वेगळी भूमिका घेतली : बंदी नाही, परंतु त्याचा मजकूर वापरल्यास तो दुसऱ्याचा आहे असे स्पष्ट नमूद केले पाहिजे, तो स्वतःचा म्हणून देणे ही लबाडी होय. मला ही भूमिका योग्य वाटते. मात्र तिची अंमलबजावणी कोणतेही यंत्र करू शकणार नाही. ज्या शिक्षिकेने मुलाचे कच्चे पान पाहिले आहे, जिला त्याची वाक्यरचना ठाऊक आहे, तिलाच उसने पान ओळखू येते. म्हणजे साधन जितके हुशार, तितकी मुलाला जवळून ओळखणाऱ्या माणसाची गरज मोठी.

आता मी आपल्या मंडळाच्या अधिक जवळच्या विषयाकडे, म्हणजे मातृभाषेकडे वळते. आणि माझी दुसरी कबुलीही तेथेच आहे.

आय.बी.च्या प्राथमिक टप्प्याच्या शेवटच्या वर्षी मुले एखादा विषय निवडून त्यावर गटाने किंवा एकट्याने शोध घेतात आणि तो सर्वांपुढे मांडतात. २०१९ साली अशा एका मराठी मुलाचे मार्गदर्शन माझ्याकडे आले, कारण शाळेत मराठी जाणणारी मी एकटीच होते. त्याचा विषय होता स्थलांतर. त्याची आजी सांगोल्याकडची. टॅब्लेटवरून आजीशी बोलून त्याने तिच्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. चाळीस मिनिटांचे मुद्रण होते. गाव सोडून कामावर कशी गेली, खडी कशी फोडली, मुकादम हजेरी कशी घेई, लाल मिलोच्या भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी, हे सगळे ती तिच्या माणदेशी बोलीत सांगत होती.

त्या मुलाला देवनागरी धड वाचता येत नव्हते. त्याने बोलणे ऐकून अक्षरे उमटविणारे साधन लावले. आजीच्या ‘पाझर तलावा’चे त्या साधनाने भलतेच काहीतरी केले, ‘सुकडी’चे केले ‘लाकडी’. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. यंत्र चुकले आहे हे त्या मुलाला ऐकून कळले! त्याने आजीला पुन्हा फोन केला, एकेक शब्द विचारला, आणि तो स्वतः देवनागरीत लिहावयास शिकला, कारण यंत्राला ते लिहिता येत नव्हते. सहा आठवड्यांत त्याने आजीचे सगळे बोलणे उतरविले आणि खाली इंग्रजी भाषांतर दिले. मांडणीच्या दिवशी आजी सांगोल्याहून पडद्यावर आली आणि जर्मन, कोरियन, तमिळ मुलांनी तिला प्रश्न विचारले. नातू दुभाषा झाला. डिजिटल साधनाचा याहून चांगला उपयोग मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही.

हे सर्व शाळेच्या संगणकीय संग्रहात, त्या मुलाच्या खात्यावर जपले होते. दोन वर्षांनी शाळेने ती प्रणाली बदलून दुसरी घेतली. जुन्या खात्यांतील साहित्य अमुक तारखेपर्यंत उतरवून घ्यावे, अशी सूचना पालकांना पाठविली होती. टाळेबंदीच्या धांदलीत ती कोणी वाचली नाही. तारीख उलटून गेली आणि ते चाळीस मिनिटांचे बोलणे पुसले गेले. त्याच वर्षी आजी गेली. आज त्या कुटुंबाकडे तिच्या आवाजाचा दोन मिनिटांचा तुकडा आईच्या फोनवर आहे, आणि मुलाच्या हस्ताक्षरातील वही आहे. वही राहिली, कारण ती शाळेची नव्हती, त्याची होती. त्या मुलाची मार्गदर्शक या नात्याने, ‘याची एक प्रत घरी ठेव,’ एवढे एक वाक्य मी त्याला सांगावयास हवे होते. ते मी सांगितले नाही. ही माझी दुसरी कबुली.

या दोन्ही गोष्टींतून मला एकच बोध झाला. साधन गोळा करते आणि दाखविते. पाहणे आणि जपणे ही कामे ते करीत नाही. ती माणसानेच करावयाची असतात. आणि यावरूनच पालकांनी शाळेला काय विचारावे, हे सुचते. प्रवेशाच्या वेळी आपण संगणक किती, वर्ग वातानुकूलित आहे का, असे विचारतो. त्याऐवजी पाच प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाच्या पडद्यावरील कामाची नोंद कोणता शिक्षक, आठवड्यातून किती वेळा वाचतो? दिवसातील किती तास मूल पडद्याविना, वही, माती, मैदान आणि माणसे यांच्याबरोबर असते? त्याची माहिती कोणाकडे साठते आणि शाळा सोडल्यावर तिचे काय होते? २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे ध्यानात असू द्यावे. मुलाने केलेले काम आम्हाला दरवर्षी घरी नेता येईल का? आणि शेवटचा प्रश्न : घरच्या भाषेसाठी शाळा काय करते?

हा शेवटचा प्रश्न विचारण्यास आपण संकोचतो. संकोच नसावा. ज्या भाषेचा शिक्षक शाळेत नाही, त्या भाषेतील साहित्याचा अभ्यास विद्यार्थ्याने शाळेच्या साहाय्याने स्वतः करावा, अशी सोय आय.बी.च्या पदविका अभ्यासक्रमात आहे. परगावच्या शिक्षकाकडून इंटरनेटवर मार्गदर्शन घेऊन मुले ती वापरतात. मराठीसाठी ती कशी मिळविता येईल, हे शाळेच्या समन्वयकांना आपण वेळेवर विचारले पाहिजे. न विचारणाऱ्याच्या भाषेची आठवण शाळेने स्वतःहून का ठेवावी?

आणि मंडळाने काय करावे? माझी एक लहानशी विनंती आहे. आपल्या ग्रंथालयात एक संगणक आहे, शनिवारी त्याच्याभोवती मुले जमतात. आपल्यामध्ये सत्तरी-ऐंशी ओलांडलेली अनेक मंडळी आहेत. रेल्वेत, गिरण्यांत, विमानाच्या कारखान्यात नोकरीसाठी ती या शहरात आली. भाषा येत नसताना संसार उभे केले. या मंडळाचा पहिला गणपती त्यांनी बसविला. आपल्या शाळकरी मुलांनी त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, ते ऐकून देवनागरीत वहीत उतरवावे, यंत्राने चुकीचे लिहिलेले शब्द त्यांना विचारून दुरुस्त करावेत. मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात : एक मंडळाच्या संगणकावर, एक स्वतंत्र तबकडीवर ग्रंथालयाच्या कपाटात, आणि एक ज्याची आठवण आहे त्याच्या घरी. वर्षातून एकदा कोणीतरी त्या उघडून, चालतात की नाही, हे पाहावे. हे काम कोणाकडे, ते आजच ठरवावे. मी स्वतः दर शनिवारी यावयास तयार आहे, आणि या खेपेस दुसरे पानही उघडून पाहीन.

आपल्या मंडळाच्या पहिल्या पन्नास वर्षांची कागदपत्रे एका लाकडी पेटीत आहेत. पहिल्या सभेचे इतिवृत्त बोरूने लिहिल्यासारख्या सुंदर अक्षरात आहे आणि आजही वाचता येते. शताब्दीच्या वेळी आजच्या मुलांचे आणि आजच्या आज्यांचे आवाज तसेच ऐकू यावेत, एवढी आकांक्षा धरून मी माझे भाषण पुरे करते.